नाचुसा ग्रासलँड्स, इलिनॉय: पुन्हा पेरलेली प्रेअरी कशी पाहावी?

वाटसरू_अरोरा

फ्रँकलिन ग्रोव्हजवळच्या नाचुसा ग्रासलँड्स या राखीव गवताळ प्रदेशाला जाऊन आलेल्या मंडळींकडून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, बायसन (गव्यासारखी दिसणारी अमेरिकेतली रानटी गुरे) दिसले नाहीत; दुसरी, गवताखेरीज तिथे पाहण्यासारखे काही नव्हते. पहिल्या तक्रारीला इलाज नाही. कुंपणाच्या आतले क्षेत्र सुमारे 1,500 एकरांचे आहे आणि त्यात कुठे चरायचे हे कळपच ठरवतो. दुसऱ्या तक्रारीला मात्र इलाज आहे आणि त्यासाठीच हा धागा काढतो आहे. माझ्या मते नाचुसात दोन जमिनींमधला फरक पाहायचा असतो. कधीच नांगर न लागलेले टेकाड आणि त्याच्या पायथ्याशी मका-सोयाबीनच्या शेतात पुन्हा पेरलेली प्रेअरी, म्हणजे गवत आणि फुलझाडांचा इथला मूळचा माळ, ही दोन्ही इथे हाकेच्या अंतरावर आहेत. ती लागोपाठ पाहिली नाहीत, तर सगळे गवत सारखेच दिसणार.

इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात, पण हे बिरूद आता नावापुरतेच उरले आहे. युरोपीय लोक येऊन वसण्यापूर्वी या राज्यात सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती. 1970च्या दशकात राज्यभर नैसर्गिक क्षेत्रांची पाहणी झाली, तेव्हा चांगल्या स्थितीतली प्रेअरी जेमतेम 2,500 एकरांच्या आसपास भरली. हे कसे घडले त्याचा एक धागा नाचुसापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत सापडतो. ग्रँड डिटूर या गावी जॉन डिअर नावाच्या लोहाराने 1837 मध्ये पोलादी फाळाचा नांगर घडवला. त्याआधीच्या ओतीव लोखंडाच्या नांगराला इथली चिकट काळी माती लिंपून बसे आणि शेतकऱ्याला थोड्या थोड्या अंतरावर थांबून ती खरवडून काढावी लागे. गुळगुळीत पोलादावरून ती आपोआप घसरू लागली, आणि एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात राज्यातली बहुतेक सगळी प्रेअरी नांगराखाली गेली. नाचुसाच्या टेकाडांवर मात्र मातीचा थर पातळ आहे, त्याखाली सेंट पीटर वालुकाश्म आहे आणि काही ठिकाणी तो उघडाच पडलेला आहे. तिथे नांगर घालण्यात कुणाला फायदा दिसला नाही. गुरे चारली गेली, पण जमीन उलटली गेली नाही, म्हणून मूळच्या वनस्पती तगून राहिल्या.

‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या निसर्गसंवर्धन संस्थेने 1986 मध्ये इथली पहिली जमीन विकत घेतली आणि पुढे मधली शेते घेत घेत हे क्षेत्र 4,000 एकरांच्या आसपास नेले. शेतावर प्रेअरी उभी करण्याची पद्धत सांगायला सोपी आहे. वसंताच्या अखेरीपासून कडाक्याची थंडी पडेपर्यंत, ज्या जातीचे बी जेव्हा पिकेल तेव्हा ते गोळा करायचे, त्यातलेही पुष्कळसे हाताने. मग ते वाळवायचे, मळायचे, चाळायचे, कोणत्या जमिनीला किती ओल आहे ते पाहून मिश्रणे करायची आणि पीक निघालेल्या शेतात हिवाळ्याच्या तोंडाशी फोकायचे. हिवाळ्याच्या तोंडाशी अशासाठी, की यांतल्या बऱ्याच जातींचे बी काही आठवडे ओल आणि गारठा सोसल्याखेरीज रुजतच नाही. बाजारातून चार गवतांचे बी आणून टाकले की काम झाले, असे मात्र नाही. तशा पेरण्या देशात पुष्कळ झाल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आज उंच गवताचे एकसुरी रान माजले आहे. नाचुसात एकेका शेतासाठी शंभराहून अधिक जातींचे बी जमवण्याचा आटापिटा केला जातो, आणि तो प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. शेताचा एकेक भाग एकेका स्वयंसेवकाकडे वर्षानुवर्षे सोपवलेला असतो. बी गोळा करण्यापासून तण उपटण्यापर्यंत त्या तुकड्याची सगळी जबाबदारी त्याची. पेरणीनंतरची पहिली दोन-तीन वर्षे जागा तणाने भरलेली दिसते, कारण प्रेअरीची रोपे आधी मुळे खाली सोडतात आणि मग वर येतात. अशा शेतापाशी पाहुण्यांनी नाक मुरडले तर मी त्यांना दोष देणार नाही.

पाहण्याचा क्रम असा ठेवावा. आधी टेकाडावर जावे. तिथे बरेचसे गवत कमरेच्या खालीच राहते: लिटल ब्लूस्टेम, प्रेअरी ड्रॉपसीड आणि त्यांच्यात राखाडी पानांचे लेडप्लांट. उकिडवे बसून हातभर जागा नीट न्याहाळली, तर तेवढ्यातच कितीतरी निरनिराळी पाने एकमेकांत मिसळलेली दिसतात. मग खाली पेरलेल्या शेतात उतरावे. ऑगस्टच्या अखेरीस तिथले बिग ब्लूस्टेम आणि इंडियन ग्रास माणसाच्या डोक्यावरून गेलेले असते, फुलांची रेलचेल वरच्यापेक्षा जास्त वाटते, छायाचित्रेही इथलीच चांगली येतात. पण खाली वाकून पाहिले की झाडे पुंजक्यापुंजक्यांनी आहेत आणि मध्ये मोकळी माती आहे, हे लक्षात येते. जुन्या पेरणीत ही मोकळी माती कमी होत गेलेली दिसते. किती कमी झाली, हेच पाहायचे.

कंपास प्लांट दोन्ही ठिकाणी भेटेल. त्याची खोलवर कातरलेली मोठी पाने जमिनीपासून उभी राहतात आणि त्यांच्या कडा बहुधा उत्तर-दक्षिण रोखलेल्या असतात, त्यामुळे भर दुपारचे ऊन पानाच्या सपाट बाजूवर थेट पडत नाही. त्याचा भाऊबंद असलेला प्रेअरी डॉक दिसला, तर जुलैच्या टळटळीत उन्हात त्याचे रुंद पान दोन्ही तळव्यांत धरून पाहावे. पान खरखरीत असते आणि चक्क गार लागते, कारण मुळांनी खोलवरून ओढलेले पाणी त्यातून सतत बाहेर पडत असते.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. नेपरव्हिल-अरोराकडून आय-88 महामार्गाने पश्चिमेला सव्वा ते दीड तास लागतो. सावली फारशी नाही, पाणी बरोबर घ्यावे. गोचिडी आहेत, आणि त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो. पूर्ण लांबीची विजार मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर अंग नीट तपासावे. पिवळ्या छत्रीसारख्या फुलांच्या वाइल्ड पार्सनिपला हात लावू नये, त्याचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडले की फोड येतात. बायसनच्या कुंपणात पायी जाता येत नाही.

निशिगंधा_नेपरव्हिल

धागा अगदी वेळेवर आला. माझे आईबाबा ऑगस्टच्या अखेरीस बारामतीहून येत आहेत. बाबांचे गुडघे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, तेव्हा त्यांना टेकाडावर चढणे जमेल का? शिवाय त्यांचा जन्म शेतीत गेला आहे. ‘एवढी काळीभोर जमीन पडीक का ठेवली?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असणार, आणि माझ्याकडे त्याचे उत्तर नाही.

खडूस_काका

निशिगंधाताई, तुमच्या बाबांचा प्रश्न रास्त आहे आणि मीही तोच विचारतो. जगातल्या उत्तमोत्तम शेतजमिनींपैकी ही एक. तिच्यावर बादल्या घेऊन बी वेचायचे, ते फोकायचे, मग पुढची वीस वर्षे तण उपटत बसायचे, आणि शेवटी हाती काय, तर गवत. बरे, ते गवतही अस्सल नाही, हे धागाकर्त्यांनी स्वतःच लिहिले आहे. पैसा आणि फुरसत असली की असले उद्योग सुचतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाटसरू_अरोरा

काका, ‘अस्सल नाही’ असे मी म्हटलेले नाही. ‘अजून तितकी दाट नाही’ असे म्हटले आहे.

जमिनीच्या प्रश्नाचे उत्तर बाबांना कदाचित तुमच्याआधी पटेल. ती जमीन काळीभोर आहे, ती प्रेअरीमुळेच. हजारो वर्षे दरवर्षी गवताच्या मुळांचा काही भाग जमिनीतच कुजत राहिला आणि त्यातून तो काळा थर तयार झाला; मका-सोयाबीन आज त्या साठवणीवर जगतात. आयोवा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी नील स्मिथ अभयारण्यात एक प्रयोग केला. उताराच्या शेतातली फक्त 10 टक्के जमीन पट्ट्यापट्ट्यांनी प्रेअरीखाली आणली, तर वाहून जाणारी माती सुमारे 95 टक्क्यांनी कमी झाली. आपल्याकडे बांधावर गवत राखणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि त्या पट्ट्यांसाठी बी कोणत्या जातींचे लागते, कसे पेरायचे, किती वर्षे धीर धरायचा, हे ज्ञान नाचुसासारख्या जागांवरूनच आलेले आहे.

निशिगंधाताई, टेकाडे बुटकी आहेत, पण वाट खडबडीत आहे. अभ्यागत केंद्राच्या आसपास सपाटीवर थोडे चालून बाबांना अंदाज घेऊ द्या.

मॅडिसनकर

काकांच्या ‘अस्सल’च्या मुद्द्यावर थोडी भर घालतो, कारण याची सर्वांत जुनी कसोटी आमच्या गावात आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्बोरेटममधली (वनस्पती उद्यानातली) कर्टिस प्रेअरी ही बहुतेकांच्या मते जगातली पहिली पुनरुज्जीवित प्रेअरी. जुनाट शेतजमिनीवर 1935 पासून तिथे लागवड सुरू झाली, आणि मजूर होते मंदीच्या काळात सरकारने कामाला लावलेल्या ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’चे बेरोजगार तरुण. तेव्हा हे फुरसतवाल्यांचे काम नव्हते, काका. आग लावल्याशिवाय प्रेअरी टिकत नाही, हे प्रयोगाने दाखवण्याचे बरेचसे श्रेय याच जागेला जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1940च्या दशकात इथे वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या अंतराने गवत जाळून पाहिले.

आता दुसरी बाजू. जवळजवळ 90 वर्षे झाली, आणि आजही कर्टिस प्रेअरीला मूळ प्रेअरीची सर आलेली नाही. शहराच्या रस्त्यांवरचे पावसाचे पाणी जिथून आत शिरते, तिथे रीड कॅनरी ग्रास या आक्रमक गवताने मूळ जातींना पार हुसकावून लावले आहे. त्यामुळे ‘आपण पुन्हा पेरू शकतो’ हे वाक्य, उरलेले मूळ तुकडे मोडायला परवानगी मागणाऱ्यांच्या तोंडी ऐकले की मला धडकी भरते. वाटसरू यांनी टेकाड आधी पाहायला सांगितले, हे फार बरे केले.

रानवेडी

पेरलेल्या प्रेअरीत मोकळी माती का राहते आणि गवत का माजते, याचे एक कारण दिसायला चिमुकले आहे. वुड बिटोनी नावाचे एक बुटके रोप गवताच्या मुळांतून अन्न चोरते. ते जिथे असते तिथे बिग ब्लूस्टेमची उंची आवरली जाते आणि लहान फुलझाडांना उजेड मिळतो. हे रोप जुन्या टेकाडांवर असते, नव्या शेतात आपोआप पोहोचत नाही. म्हणून त्याचे बी मुद्दाम गोळा करून, गवत स्थिरावल्यावर मागाहून टाकतात. यजमान गवताच्या मुळाशी नाते जुळले तरच ते फोफावते.

सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी ओलसर भागात बॉटल जेन्शियन अवश्य शोधावे. निळी फुले कळीसारखी कायम मिटलेलीच असतात. बंबल बी वर उतरते, पाकळ्यांच्या टोकाशी खटपट करून फट पाडते आणि आख्खी आत शिरते. काही क्षण फूल नुसतेच हलत राहते, मग ती मागे मागे सरकत बाहेर येते. लहान माश्यांना हे जमत नाही.

निशिगंधा, तुमच्या बाबांना आणखी एक सांगा. तिथले बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, आणि आपली ज्वारी, ऊस, मका ही सगळी गवतकुळातल्या एकाच शाखेतली, अँड्रोपोगोनी गटातली भावंडे आहेत. बिग ब्लूस्टेमच्या तीन बोटांच्या तुऱ्यावर हात फिरवला की शेतकऱ्याला ओळख पटायला वेळ लागणार नाही. माळावरचे मारवेल आणि कुसळीही याच शाखेतली.

माळावरचा

मी इंदापूर तालुक्यातला, धागा तिथूनच वाचतो आहे. रानवेडी यांनी कुसळीचे नाव काढले म्हणून लिहितो. आमच्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहे, लांडगा आहे, धाविक पक्षी आहे. पावसाळ्यानंतर कुसळी आणि पवन्या पिकले की माळ तांबूस होतो. पण कागदोपत्री असल्या जमिनी वर्षानुवर्षे ‘पडीक’ सदरात मोडत आल्या आहेत, आणि पडीक म्हटले की तिथे काहीतरी लावलेच पाहिजे, असा आपला समज. मग चर खणले जातात, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली जाते, छायाचित्रे निघतात. मेंढरे घेऊन येणाऱ्या धनगरांची चराई जाते ती वेगळीच. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य झाले, आणि आज तिथे माळढोक दिसणे हीच बातमी असते. या ऱ्हासामागे इतरही कारणे आहेत, पण मोकळ्या गवताळ जमिनीला किंमत नसणे हे त्यांतले मोठे.

इलिनॉयच्या लोकांना बी वेचून, फोकून प्रेअरी परत आणावी लागते आहे, कारण त्यांच्याकडे ती उरलीच नव्हती. आमच्याकडे अजून पुष्कळ माळ जागेवर आहे. तेव्हा नाचुसाहून आमच्यासाठी काही शिकायचे असेल, तर पेरणीच्या पद्धतीआधी ते टेकाड शिकावे: जिथे नांगर गेला नाही, खड्डे खणले गेले नाहीत, तिथेच बी शिल्लक राहिले.

खडूस_काका

माळावरचे यांचा प्रतिसाद पटला. अमेरिकेतल्या खटाटोपाबद्दल माझे मत अर्ध्याने बदलले आहे; उरलेले अर्धे मी राखून ठेवतो. गवत जाळण्याबद्दल मात्र कुणीतरी नीट सांगा. आपल्याकडे वणवा लागला की सगळे हळहळतात, आणि इथे ही मंडळी पगारी माणसे ठेवून आग लावतात.

फर्मीशेजारी

काका, मी बटेव्हियात राहतो आणि फर्मीलॅब या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या आवारात ही जाळणी रस्त्यावरून पाहिली आहे, तेव्हा पाहिलेले सांगतो. वारा, हवेतली आर्द्रता आणि धुराची दिशा पाहून दिवस ठरवतात. ज्या बाजूला वारा वाहतो त्या कडेला आधी, वाऱ्याच्या विरुद्ध सरकणारी संथ आग लावून एक रुंद काळी पट्टी तयार करतात, पाठीवर पाण्याची टाकी घेतलेली माणसे तिच्यावर नजर ठेवून असतात. मग दुसऱ्या टोकाकडून वाऱ्याबरोबर पळणारी आग सोडतात, ती काळ्या पट्टीला येऊन भिडते आणि जळायला काही न उरल्याने विझते. प्रेअरीच्या झाडांचे कोंब जमिनीखाली सुरक्षित असतात, त्यामुळे पंधरा दिवसांत हिरवळ दिसते. मरतात ती शिरकाव केलेली झाडाझुडपांची रोपे. मात्र सगळी जागा एकाच वर्षी जाळत नाहीत, कारण पुष्कळ कीटक वाळल्या काड्यांत आणि पालापाचोळ्यात हिवाळा काढतात. जळलेल्या भागात ते शेजारच्या न जळलेल्या भागातून परत येतात. युरोपीय येण्याआधी इथले मूळ रहिवासीही मुद्दाम गवत पेटवत असत, तेव्हा ही प्रथा नवी नाही.

फर्मीलॅबच्या प्रेअरीची जन्मकथाही या धाग्यात असायला हवी. रॉबर्ट बेट्झ हे शिकागोतल्या नॉर्थईस्टर्न इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक. जुन्या वसाहतकाळातल्या दफनभूमी आणि रेल्वेच्या कडेच्या पट्ट्या धुंडाळून त्यांनी प्रेअरीचे उरलेसुरले तुकडे शोधले होते. कबरींमध्ये कुणी नांगर घातला नव्हता, आणि रुळांच्या कडेला इंजिनाच्या ठिणग्यांनी अधूनमधून आग लागत असे. कणांना वेग देणाऱ्या प्रवेगकाच्या वर्तुळाकार कड्याच्या आत प्रेअरी पेरावी, असा प्रस्ताव त्यांनी प्रयोगशाळेचे संचालक रॉबर्ट विल्सन यांच्यापुढे मांडला. हे काम पुरे व्हायला कित्येक दशके लागतील असे ऐकल्यावर, मग आज दुपारीच सुरुवात करू, असे विल्सन म्हणाल्याची आठवण सांगितली जाते. 1975 मध्ये पहिली पेरणी झाली.

निशिगंधा_नेपरव्हिल

सर्वांचे मनापासून आभार. बाबांना फोनवर ज्वारी-ब्लूस्टेमचे नाते सांगितले, तर त्यांनी लगेच विचारले की गुरे ते खातात का! बायसनचे नेमके काय काम असते तिथे? आणि बी गोळा करण्याच्या कामात एक दिवस पाहुण्यांनाही सामील होता येते का?

वाटसरू_अरोरा

गुरे आवडीने खातात, आणि बायसन तर मुख्यतः गवतच खातात. त्यांना ऑक्टोबर 2014 मध्ये इथे आणले ते याच कामासाठी. ते गवत कमी करतात, फुलझाडे बहुतांशी तशीच सोडतात, आणि धुळीत लोळून जे खळगे करतात त्यांत पाणी साचून निराळ्याच वनस्पती उगवतात. इलिनॉयमधले रानटी बायसन 1830च्या सुमारास संपले होते, म्हणजे जॉन डिअरचा नांगर येण्याच्याही आधी.

बी गोळा करण्याचे दिवस बहुधा शनिवारी सकाळी असतात आणि नवख्यांचे स्वागत होते. वेळापत्रक संस्थेच्या पानावर पाहून जावे, कारण पावसाने दिवस पुढे-मागे होतात. ऑगस्टअखेरीस बरीच गवते हिरवी असतात. बाबांना ओंजळीने बी ओरबाडण्याचा आनंद घ्यायचा असेल, तर त्यांचा मुक्काम सप्टेंबरच्या शेवटापर्यंत असलेला बरा. काम उभ्याने करायचे असते, फार वाकावे लागत नाही, आणि थकल्यास गाडीपाशी बसून बी आणि काड्या वेगळ्या करण्याचे कामही असते. कातडी हातमोजे आणि जुने पूर्ण बाह्यांचे कपडे बरोबर असू द्यावेत. गोळा केलेले बी खिशात घालून घरी नेण्याची परवानगी नाही, हे बाबांना आधीच सांगून ठेवावे. शेतकऱ्याचा हात आपसूक खिशाकडे जातो.